पंचवीसचा पंखा आणि बारावा अध्याय

सर्वांत चांगला प्रॉपेलर कोणता, असं विचारणारं कुणी ना कुणी दर मे महिन्यात भेटतंच. बर्फ जाऊन तलाव मोकळा झालेला असतो, ट्रेलरवरून बोटी उतरत असतात, आणि एखादा नवखा मालक मागे दांडगं इंजिन लावलेली बोट घेऊन धक्क्यावर उभा असतो. त्याला एक नाव हवं असतं. कुठल्या कंपनीचा, किती इंची, केवढ्याला. धक्क्यावरच्या जुन्या लोकांत दोन तट आहेत. एक तट छातीठोकपणे नाव सांगून मोकळा होतो. दुसरा म्हणतो, ज्याची त्याची आवड, हवा तो लाव. मला दोन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत हे शोधता शोधता मी गीतेच्या बाराव्या अध्यायात जाऊन पोचले.

मी विस्कॉन्सिनमधल्या ओशकोशला राहते. गावाला लागूनच विनेबेगो तलाव आहे: तीस मैल लांब, दहा मैल रुंद, आणि सर्वांत खोल जागी जेमतेम एकवीस फूट. एवढं उथळ पाणी वाऱ्याला लगेच चिडतं. बघता बघता आखूड, उभ्या लाटा उठतात. आउटबोर्ड इंजिनाचा हा मुलूखच. मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने १९०९ साली ते बाजारात आणलं आणि चालवून दाखवलं. आमच्या तलावाच्या दक्षिण टोकाला फाँड द्यू लाक गावात मर्क्युरीचा कारखाना आजही आहे. माझी बोट एकवीस फुटी, व्ही आकाराच्या तळाची, मागे अडीचशे अश्वशक्तीचं एकच इंजिन. तिचा फोटो पहिल्यांदा पाठवला तेव्हा गुहागरहून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं होतं, "हिच्यात मासे किती मावतात?" अण्णा निवृत्त संस्कृत शिक्षक. रविवारी सकाळी मी फोन करते तेव्हा त्यांची संध्याकाळ असते, आणि प्रॉपेलरला ते शेवटपर्यंत पंखाच म्हणतात.

तर पंखा. त्याच्यावर दोन आकडे कोरलेले असतात, व्यासाचा आणि पिचचा. लाकडात स्क्रू शिरतो तसा पंखा पाण्यात शिरला असता, तर एका फेऱ्यात जेवढे इंच पुढे सरकला असता, तो त्याचा पिच. पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे. माझं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतं, खालचा गिअर १.८५चा, म्हणजे पंख्याचे फेरे सुमारे ३,२४३. पंचवीस पिचने कागदावर ताशी ७६.८ मैल वेग यायला हवा. येतो ६९, म्हणजे साधारण १११ किलोमीटर. मधले दहा टक्के पाण्यात जातात. त्याला स्लिप म्हणतात, आणि नवख्यांना ती चोरी वाटते. वास्तविक पाणी मागे सरकलं नाही तर बोट पुढे जाईलच कशी? अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच कर्म आणि फळ यांच्यावर बोलायला सरसावले. मी त्यांना थांबवलं. ते फारच सोपं होतं, आणि मला अडलेला प्रश्न वेगळा होता.

मला अडलेला प्रश्न निवडीचा. माझ्या इंजिनाच्या पुस्तकात लिहिलंय, पूर्ण थ्रॉटलला फेरे ५,२०० ते ६,०००च्या दरम्यान आले पाहिजेत. पिच दोन इंचांनी वाढवला की फेरे तीनशे-चारशेने उतरतात, कमी केला की तेवढेच चढतात. सगळी विद्या इथून सुरू होते. मग बाकीचं: तीन पाती की चार, पात्यांचा मागचा कल किती, कडेला मुरड किती, ॲल्युमिनियम की स्टेनलेस. गोल कानांची, मागे जास्त कललेली पाती बोटीचं नाक वर उचलतात. माझ्यासारख्या व्ही तळाच्या बोटीला ते हवं असतं, पण फार उचललं की ती एका बगलेवरून दुसऱ्या बगलेवर डोलायला लागते आणि सत्तरच्या वेगाला ते डोलणं पोटात गोळा आणतं. मागची कड सरळ कापलेला क्लीव्हर मागची बाजू उचलतो; दोन तळांच्या शर्यतीच्या बोटीवर तो देखणा चालतो. माझ्या बोटीवर तो फुकट. म्हणजे 'सर्वांत चांगला' हे विशेषण त्या धातूच्या तुकड्यात कुठेच नसतं. ते असतं पंखा, बोट, इंजिन, भार आणि पाणी या पाचांच्या मध्ये कुठेतरी.

एवढ्यावर 'ज्याची त्याची आवड' म्हणणाऱ्यांचं फावतं. पण फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरला आवडनिवड कळत नाही. ४,८०० म्हणजे ४,८००.

पिच जास्त झालेली बोट ओळखायला कान लागतो. थ्रॉटल पूर्ण उघडलेलं, इंजिन पाच हजारांच्या अलीकडेच अडकलेलं, आवाज खोल आणि धीरगंभीर. काठावरच्याला वाटतं, काय ऐटीत चाललीय! आत सिलिंडरमध्ये उष्णता आणि ताण साचत असतात. इंजिन दबून चालतं, आणि अशीच वर्षं गेली तर मरतं. पिच कमी झालेल्याचं उलट: इंजिन किंचाळतं, मर्यादेला जाऊन धडकतं, लिमिटर त्याला मागे ओढतो, आणि एवढा आरडाओरडा करून वेग कुठेच नसतो. दुसरं सगळ्यांना कळतं. पहिलं कळत नाही, कारण ते शांततेसारखं ऐकू येतं.

माझ्या थोरल्या काकूने एका चातुर्मासात मौन आणि एकभुक्त असे दोन्ही नेम एकदम धरले होते. चार महिने घर चवड्यांवर चालत होतं. काकू पाटीवर खडूने लिहून हुकूम सोडायची, आणि खडू किती जोरात टेकलाय यावरून आम्ही मुलं तिचा राग मोजायचो. आलेगेले तिच्या चेहऱ्यावरच्या तेजाबद्दल बोलत. मला त्या वयातही तेज दिसत नव्हतं, ताप दिसत होता. पुढच्या वर्षी काकांना अर्धांगवायू झाला आणि काकूचे सगळे नेम सुटले. त्यांचं अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, आणि तिन्हीसांजेला खाटेशी बसून रामरक्षा, तीही मध्येच उठून दूध उतरवत. त्या दोन-तीन वर्षांत काकू आम्हा मुलांशी पत्ते खेळायची आणि मोठ्याने हसायची. आलेगेले म्हणत, बिचारीची साधना राहिली.

गीतेत अर्जुन धक्क्यावरच्या नवख्याचा प्रश्न तीनदा विचारतो. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला: ज्ञान मोठं म्हणतोस तर मला कर्माला का जुंपतोस, एक काय ते सांग. पाचव्याच्या सुरुवातीला: संन्यास की योग, यांतलं बरं कोणतं, नक्की सांग. बाराव्याच्या सुरुवातीला: सगुणाचे भक्त आणि अव्यक्ताचे उपासक, यांत श्रेष्ठ कोण? पोरगा हट्टी आहे. त्याला प्रत्येक वेळी एकच नाव हवंय. श्रीकृष्ण नाव देतातही, पण प्रत्येक उत्तराला एक शेपूट असतं. बाराव्यात म्हणतात, माझ्यात मन लावलेले मला श्रेष्ठ वाटतात. अव्यक्ताचे उपासकही मलाच येऊन मिळतात. मात्र देह असलेल्यांना तो रस्ता कष्टाचा. लक्षात घ्या, तो रस्ता चुकीचा असं म्हटलेलं नाही. इंजिन दबतं, एवढंच.

आणि मग आठव्या श्लोकापासून जे सुरू होतं ते वाचताना मी अक्षरशः हसले होते. माझ्या ठायी मन आणि बुद्धी स्थिर कर. ते जमत नसेल, तर अभ्यासाने यायची इच्छा धर. अभ्यासालाही असमर्थ असशील, तर माझ्यासाठी कर्मं कर. तेही होत नसेल, तर सगळ्या कर्मांचं फळ सोड. चार श्लोक, चार पायऱ्या, आठ ते अकरा. मी अण्णांना म्हटलं, "हे सत्तावीस, पंचवीस, तेवीस, एकवीस आहे. देव पिच उतरवत चाललेत."

अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू भगवंताला दुकानदार केलंस."

"चांगला दुकानदार," मी म्हटलं. "नाही चालला तर परत आण म्हणणारा."

असा एक दुकानदार मला ठाऊक आहे, म्हणून म्हटलं. तळ्याच्या पलीकडे पंखे दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, पक्का ल्युथरन, रविवारी दुकान बंद म्हणजे बंद. वाकलेली पाती साच्यावर ठोकून सरळ करतो, कडेची मुरड केसभर वाढवतो किंवा उतरवतो. त्याच्या भिंतीवर जुने पंखे टांगलेले असतात आणि ते तो वापरून बघायला देतो. सल्ला मागितला की सल्ला देत नाही, प्रश्न विचारतो. बोटीचं वजन किती, टाकी केवढी, बरोबर किती माणसं असतात, आणि बोटीवर तू नेमकं करतेस काय? मग भिंतीवरचा एक उतरवून हातात देतो. पळवून बघ आणि आकडा सांग. त्याचं म्हणणं, दुकानात बसून त्याला माझं इंजिन ऐकू येत नाही.

पण अण्णा इतक्यात हार मानणारे नाहीत. त्यांनी बारावा श्लोक पुढे केला. अभ्यासापेक्षा ज्ञान बरं, ज्ञानापेक्षा ध्यान, ध्यानापेक्षा कर्मफळाचा त्याग, त्यागामागोमाग शांती. आता ही काय गंमत? आताच तर फलत्याग सर्वांत खालच्या पायरीवर होता, काहीच जमत नाही त्याच्यासाठी ठेवलेला. एका श्लोकाच्या अंतरावर तो सर्वांत वर कसा गेला? शंकराचार्यांनी भाष्यात याची सोय लावली: ही स्तुती आहे, असमर्थाला प्रवृत्त करण्यासाठी केलेली वाखाणणी. म्हणजे पाठीवर हात ठेवून म्हटलेलं 'शाबास'. टिळकांना ही पळवाट मंजूर नव्हती. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेलं गीतारहस्य कर्मयोग हाच श्रेष्ठ म्हणून उभं आहे. त्यांच्या दृष्टीने हा श्लोक शब्दशः खरा. अण्णा अर्थातच टिळकांकडे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला दुसरा पर्याय नसतो.

मला दोघांचंही अर्धंच पटतं. दोघंही पायऱ्यांची उंची मोजतायत. एकवीसचा पंखा सत्तावीसपेक्षा खालचा, असं शर्यतवाला म्हणेल. जड बोट ओढणारा म्हणेल, वरचा. दोघंही धातूकडे बघून बोलतायत. पण ज्या बोटीला सत्तावीसने दबायला होतं तिच्यावर एकवीस लावा, फेरे पुरे भरू द्या. त्या क्षणी इंजिनाकडे होतं नव्हतं ते सगळं पाण्यात उतरतं. अडीचशेतले अडीचशे घोडे. कमी पिचने कमी शक्ती लागत नाही, उलट कमी पिचनेच पुरी शक्ती लागते, हे नवख्याला सांगून पटत नाही. बाराव्या श्लोकात मला तेच ऐकू येतं. असमर्थ म्हणून ज्याने शेवटचं धरलं, त्याचं त्यात सगळं लागलं, कणभरही उरलं नाही. मग शांतीला उशीर कशाला लागेल? ही स्तुती नाही आणि कर्मयोगाची जाहिरातही नाही. काकूचं हसणं हा माझा त्याला पुरावा, शास्त्रात बसो न बसो.

कागदावर हे कळत नाही, हे मात्र पक्कं. आपण ज्याला स्क्रू प्रॉपेलर म्हणतो त्याचं पेटंट फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या एका इंग्रज शेतकऱ्याने १८३६ साली घेतलं. त्याचा पहिला पंखा लाकडाचा, लांब, पूर्ण दोन वेढ्यांचा. जितके वेढे जास्त तितकी पकड जास्त, हा त्याचा हिशोब. कुणाचाही तोच झाला असता. १८३७ साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना पंखा कशाला तरी आपटला आणि निम्मा तुटून गेला. बोट थांबायच्या ऐवजी जोरात पळू लागली. त्यानंतरचा पंखा त्याने एका वेढ्याचा केला. निम्मी साधना तुटून पडल्यावर वेग वाढलेली माणसं मी पाहिलीत. ती कुणाला सांगत नाहीत, कारण तुटण्याची लाज वाटते.

चाचणीचाही एक धर्म आहे. धक्क्यावर फुशारकी मारणाऱ्यांचे आकडे मी ऐकते आणि सोडून देते, कारण ते आकडे एकट्याने, पाव टाकीवर, सकाळच्या गार हवेत, काचेसारख्या पाण्यावर काढलेले असतात. रोज जी बोट चालते तिच्यात टाकी भरलेली असते, चार माणसं, बर्फाची पेटी, आणि आमच्या तळ्यावर लाटा असतातच. माझा पंचवीसचा पंखा एकटीने ६,००० देतो, चौघांनी ५,७००. जुलैच्या दमट उकाड्यात इंजिनाचा दम आणखी कमी होतो. उंचावर तर विचारूच नका: कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरचा ताहो तलाव समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांच्या वर आहे, तिथल्या विरळ हवेत हेच इंजिन आपली बरीचशी ताकद गमावतं आणि पिच उतरवावाच लागतो. इंजिनाने काही पाप केलेलं नसतं. हवाच तेवढी असते.

माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन आला. परतला तो इतका निवांत की वहिनी घाबरली. ती शांती खोटी होती असं मी म्हणत नाही. दहा दिवस मौन, फोन नाही, स्वयंपाक नाही, मुलांचे अभ्यास नाहीत. माणसाला एवढं रिकामं करून पळवलं तर काय वेग निघतो ते त्याला कळलं, आणि ते कळणंही मोलाचं. फक्त पंखा कायमचा निवडायचा तो त्या आकड्यावर नव्हे. त्याने रोज पहाटे एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायचं ठरवलं, आणि वहिनीच्या वाट्याला दोन्ही वेळच्या शाळेच्या गाड्या आल्या. आता तो वीस मिनिटं बसतो आणि मुलांना सोडायला जातो. अण्णा म्हणतात ढिला पडला. मी म्हणते, त्याने भरल्या बोटीने चाचणी घेतली.

इथवर सगळं गोड आहे, आणि म्हणूनच मला थांबून वाकडं बघावंसं वाटतं. मी जे सांगतेय त्याला आपल्याकडे जुनं नाव आहे: अधिकारभेद. ज्याचा जसा अधिकार तसा त्याला मार्ग. ऐकायला किती उदार! आणि याच तत्त्वाने शतकानुशतकं माणसांना दाराबाहेर उभं केलं. ब्रह्मसूत्राच्या पहिल्या अध्यायात, तिसऱ्या पादात, अपशूद्राधिकरण आहे. शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही असं तिथे ठरवून टाकलंय, आणि शंकराचार्यांनी त्यावर भाष्य लिहिलंय. ज्यांनी ब्रह्माखेरीज दुसरं काही नाही म्हटलं, त्यांनीच. अण्णांनी हे अधिकरण मला कधी शिकवलं नाही. मी कॉलेजात असताना स्वतः वाचलं आणि त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नव्हते.

दोष कुठे आहे हे मला पंख्यांच्या भिंतीसमोर उभं राहून जास्त स्पष्ट दिसतं. त्या अधिकरणात पाण्यावर नेण्याआधीच निकाल लागला होता. बोट कुठल्या कारखान्यातून आली ते बघून तिला आयुष्यभराचा पंखा ठरवून दिला, आणि 'पळवून बघू दे' म्हणणाऱ्याला शिक्षा ठेवली. टॅकोमीटर लावलाच नाही. पुढे सुधारक आले आणि म्हणाले, जन्माने नको, गुणांनी ठरवू. चार वर्ण राहू देत, माणसं गुणांप्रमाणे वाटू. आंबेडकरांनी १९३६च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, लाहोरला व्हायचं होतं आणि झालंच नाही त्या भाषणात, याचाही समाचार घेतला. माणसांची अशी चार ठरीव वर्गांत वाटणी होऊच शकत नाही, हा त्यांचा एक आक्षेप. पंखा निवडणाऱ्याला हे लगेच पटेल. एकाच साच्यातून निघालेल्या दोन बोटीसुद्धा एक पंखा सारखा चालवत नाहीत. एकीचा तळ जरा मुरडलेला असतो, दुसरीचं इंजिन अर्धा इंच वर बसवलेलं. भिंतीवर चारच खिळे मारून जगातल्या सगळ्या बोटींना त्यांतले पंखे वाटणारा माणूस दुकानदार नव्हे, जमीनदार.

याला जोडून एक गोष्ट सांगते. चार्ल्स पार्सन्सने १८९४ साली 'टर्बिनिया' ही बोट बांधली, वाफेच्या टर्बाइनवर चालणारी, आकाराच्या मानाने अफाट ताकद. आणि बोट पळेना. टर्बाइनच्या अंगात दम नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पार्सन्सने तांब्याची एक बंद नळी केली, तिला काचेची खिडकी लावली, आत दोन इंची पंखा फिरवला आणि पाण्याकडे बघितलं. पात्यांच्या पाठीवर पोकळ्या उठत होत्या. एवढ्या वेगाला पाणी पंख्याला धरतच नव्हतं, जागच्या जागी उकळून त्याची वाफ होत होती. मग त्याने एकाचे तीन दांडे केले, प्रत्येक दांड्यावर तीन पंखे, आणि १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या आरमारी संचलनात टर्बिनिया ३४ नॉटपेक्षा जास्त वेगाने आरमाराच्या बोटींना हुलकावणी देत पळाली. टर्बाइनच्या अंगात दम होताच. ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या अनधिकारी म्हटलं त्यांच्या बाबतीत पाण्याकडे बघायची बुद्धी आपल्यातल्या फार थोड्यांना झाली.

अण्णांना हे सगळं मी एका रविवारी ऐकवलं. वाद घालतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "ज्ञानदेवांनी बघितलं." आणि बरोबर होतं. १२९० साली नेवाशाला बसून गीता मराठीत आणणारा तो मुलगा अठराव्या अध्यायात वेदाला कृपण म्हणतो. संपन्न आहे, पण तीनच वर्णांच्या कानाला लागतो म्हणून. ते म्हणताना स्वतः तो संन्याशाचा पोर म्हणून वाळीत टाकलेला. अधिकार ज्यांनी ठरवायचा त्यांच्या हातून त्याने तो काढून घेतला, आणि नऊ हजार ओव्या भिंतीवर टांगून दिल्या. ज्याला जी पेलेल ती त्याने न्यावी.

म्हणजे अधिकारभेद टाकून द्यावा असं मला म्हणायचं नाही. तो टाकला की पुन्हा धक्क्यावरचा छातीठोक माणूस शिल्लक राहतो: सगळ्यांना एकच पंखा, एकच ग्रंथ, एकच नेम. मला एवढंच म्हणायचंय की आकडा कुणी वाचायचा हा खरा प्रश्न आहे. गुरूने पंखा उतरवून द्यावा, त्याला हजार बोटी माहीत असतात. पण थ्रॉटलवर हात माझा आणि टॅकोमीटर माझ्या डोळ्यांसमोर. किनाऱ्यावरून मला माझे फेरे सांगणारा माणूस मी गुरू मानणार नाही.

अण्णांचा यावर एक आक्षेप राहतो आणि तो मला नीट खोडता आलेला नाही. ते म्हणतात, अशाने प्रत्येक जण आपल्याला सोपा तोच पंखा घेईल आणि म्हणेल, माझे फेरे भरले. फसवायचं कुणाला, तर स्वतःलाच. आणि ती विद्या माणसाला उपजत येते. खरं आहे. इंजिनाचा आकडा खोटं बोलत नाही, मनाचा बोलतो. माझ्याकडे याला अर्धंच उत्तर आहे. पिच फार कमी घेतला तर इंजिन किंचाळतं, आणि तसं माणूसही. अति सोप्या नेमात एक प्रकारची खळबळ असते, सतत बोलणं, सतत इतरांना सांगणं, फेरे भरपूर आणि चाल नाही. जवळची माणसं ते ओळखतात. घरच्यांना विचारावं.

शिवाय अधिकार एका जागी बसून राहत नाही. बोट घेतली तेव्हा मला तेवीसच झेपत होता, कारण नाक कधी उचलायचं, इंजिनाचा कोन कधी बदलायचा, ते हाताला ठाऊक नव्हतं. हात बसला तसा तळ पाण्यातून जास्त वर यायला लागला, ओढ कमी झाली, फेरे मर्यादेला टेकले, आणि पंचवीस मागायला लागले. म्हाताऱ्याने विचारलं होतं, बोट बदललीस का? नव्हती बदलली.

या जुलैत भाची येतेय पुण्याहून, बरोबर तिच्या दोन मैत्रिणी. त्यांना फळीवर उभं राहून बोटीमागे ओढून घ्यायचंय. त्याला वरचा वेग कामाचा नाही. माणसाला पाण्यातून झटक्यात वर काढेल असा जोर हवा. मी चार पात्यांचा तेवीसचा उतरवून आणलाय. वेग पाच-सहा मैलांनी घटेल.

गेल्या रविवारी अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे दहाव्या श्लोकावर उतरलीस."

"उतरले कशावरून? बाराव्यात काय म्हटलंय..."

"बारावा पुन्हा काढू नकोस," अण्णा म्हणाले. "पान वाढून झालंय माझं."